बुरशी जिवंत असते, साहेब

प्रति,
तेलबिया अभियान राबवणारे सर्व अधिकारी,
मंत्रालयापासून तालुक्यापर्यंत

विषय: येत्या खरिपात वाटल्या जाणाऱ्या ट्रायकोडर्माबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी 11 जुलैला मला ट्रायकोडर्माची दोन पाकिटं मिळाली. माझं सोयाबीन पेरून झालं होतं 17 जूनला. बियाण्याला चोळायची, रोगाशी लढणारी ही बुरशी पेरणीनंतर चोवीस दिवसांनी हातात आली. तोवर एक कोळपणी झाली होती. पाकिटं देणाऱ्या पोराला मी विचारलं, "आता हे कुठं चोळू?" पोरगा सरळ होता. खाली बघून म्हणाला, "सही करा काका, रब्बीत हरभऱ्याला चालेल."

मी सही केली. गटातल्या बावीस जणांनी केली. म्हणजे कुठल्या तरी फाइलीत आमच्या बावीस जणांच्या बियाण्याला जैविक बीजप्रक्रिया झालेली आहे आणि प्रात्यक्षिक पार पडलेलं आहे. ती फाइल कुणाची, हे मी इथं लिहिणार नाही. एखाद्या साहेबाला कोपऱ्यात घेण्यासाठी हे पत्र नाही, आणि आजूबाजूच्या गावांत विचारलं तर तारखा पाच-दहा दिवसांनी मागं-पुढं होतात, गोष्ट तीच निघते.

मी मांजरा नदीच्या काठचा शेतकरी. सात एकर जमीन. खरिपात पाच एकर सोयाबीन, त्यात तुरीचे पट्टे. रब्बीत दोन एकर करडई अजून लावतो. गावात मला त्यावरून हसतात. पण वडील घाण्याचं करडईचं तेल खाऊन ब्याऐंशी वर्षं जगले आणि मला दुसरं तेल पचत नाही, म्हणून लावतो. शाळा दहावीपर्यंत. बुरशीबद्दल जे कळलं ते परभणीच्या विद्यापीठाच्या मेळाव्यांत, थोडं वाचून आणि बरंचसं नुकसान सोसून.

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रानं तेलबियांचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. 10,103 कोटी रुपये, 2030-31 पर्यंत. तेलबियांचं उत्पादन 390 लाख टनांवरून 697 लाख टनांवर न्यायचंय. 347 जिल्हे, सहाशेच्या वर समूह, दरवर्षी दहा लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त, 57 टक्के, बाहेरून येतं, तेव्हा हे करायलाच हवं होतं. घोषणेत बियाण्याचा विचार ठळक दिसला: 65 नवी बियाणे केंद्रं, 50 साठवण केंद्रं, बियाण्याचा माग ठेवणाऱ्या 'साथी' पोर्टलवर पाच वर्षांचं नियोजन. वाचून बरं वाटलं. पण बियाण्याभोवतीची जी जिवंत सामग्री असते, ती शेतापर्यंत जिवंत कशी पोचणार, ते मला त्यात कुठं सापडलं नाही. म्हणून हे पत्र पेरणीच्या आधी लिहितोय. पेरणीनंतर लिहिलं तर त्याचंही त्या पाकिटासारखंच व्हायचं.

आधी सोयाबीनला होतं काय ते सांगतो, म्हणजे माझा जीव का तुटतो ते कळेल.

माझ्या रानात ओढ्याकडचा अर्धा एकर सखल आहे. पाणी तुंबतं. उगवण झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत तिथली रोपं एक-एक करून माना टाकतात. उपटून बघितलं तर जमिनीलगत खोडावर पांढरा कापूस, आणि त्या कापसात मोहरीच्या दाण्याएवढ्या गोळ्या, आधी पांढऱ्या, मग तपकिरी. या गोळ्या म्हणजे त्या रोगाच्या बुरशीचं बी. मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. भुईमुगाचं खोड कुजवणारीही हीच बाई. पावसानं ताण दिला, जमीन तापली, की उरलेल्या रानात दुसरी येते: मुळं कोळशासारखी काळी पडतात, साल सोलली की आत काळी भुकटी. ओलावा असला तर एक मारते आणि नसला तर दुसरी. दोघींचा मुक्काम मातीत असल्यानं वरून फवारा मारून हाती काही लागत नाही.

त्यांच्यावर मातीतच राहून लढणारी म्हणून ट्रायकोडर्मा. हीही बुरशीच, हिरवी. झपाट्यानं वाढते, जागा आणि अन्न आधी बळकावते, रोगाच्या बुरशीच्या तंतूंना विळखे घालते, तिची भिंत विरघळवणारी विकरं सोडते आणि तिलाच खाऊन जगते. रिचर्ड वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञानं हे 1932 साली मांडलं. नव्वद वर्षं होऊन गेली, आमच्याकडे अजून त्याचं प्रात्यक्षिकच चाललंय!

पण ती आधी तिथं असायला हवी. बी रुजताना तिनं मुळाला लपेटलेलं हवं. रोप मान टाकायला लागल्यावर ट्रायकोडर्मा ओतणं म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणणं. आणि तिच्याकडून भलत्या अपेक्षाही नकोत. पिवळा मोझॅक ती थांबवत नाही, खोडमाशी थांबवत नाही, तुंबलेलं पाणी तर नाहीच नाही. तीन वर्षांपूर्वी मी गाडीभाडं खर्चून परभणीहून विद्यापीठाचं बायोमिक्स, म्हणजे उपयोगी सूक्ष्मजीवांचं मिश्रण, आणलं, शेणखतात मुरवलं आणि पेरणीआधी त्या सखल अर्ध्या एकरात टाकलं. त्या वर्षी रोपं बरीच टिकली. पाऊसही बेताचा होता, त्यामुळे सगळं श्रेय बुरशीला देत नाही. पण गेल्या वर्षी त्याच तुकड्यात तासाला तास रिकामे पडले आणि मी बांधावर बसून 11 जुलैची पाकिटं हातात फिरवत होतो.

आता त्या पाकिटांची पुढची हकिकत. माझी भाची सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. एक पाकीट तिला दिलं. पाकिटावर छापलं होतं, एका ग्रॅममध्ये वीस लाख जिवंत बीजाणू. कायद्यानं ट्रायकोडर्माला किमान तेवढे लागतातच. तिनं एक ग्रॅम भुकटी पाण्यात विरळ करत करत दहा हजार पटीपर्यंत नेली आणि त्यातला एक मिलिलिटर बटाट्याचा रस आणि अगर घातलेल्या काचेच्या बशीत पसरला. हिशेब सोपा आहे, बशीत दोनशेच्या आसपास हिरव्या वसाहती यायला हव्यात. तीन आल्या. काळ्या बुरशीच्या मात्र अकरा आल्या, कांद्यावर येते तशी. भाची म्हणाली, "मामा, काळी हवेतून पण आली असेल, एका बशीवरून काही ठरवू नका." नाही ठरवत. एका पाकिटावरून कुठल्या कारखान्याला चोर म्हणत नाही. तो माल कारखान्यातून निघाला तेव्हा कदाचित चोख असेलही.

कारण मधल्या प्रवासात काय होतं ते मी बघितलंय. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. पाकिटं पत्र्याच्या गोदामात, युरियाच्या थप्पीशेजारी, कुठं कुठं तणनाशकाच्या खोक्यांवर. या बुरशीला पंचवीस ते तीस अंश मानवतं. दुपारी त्या पत्र्याखाली माणूस पाच मिनिटं उभा राहू शकत नाही, आणि तिथं आपण जीव साठवतोय. कोंबडीची पिल्लं अशी कुणी ठेवली असती तर गाव गोळा झालं असतं. बुरशी ओरडत नाही, एवढंच.

माझी मुख्य तक्रार हीच आहे, साहेब. या सगळ्या व्यवस्थेत ट्रायकोडर्माला खताच्या गोणीसारखं वागवलं जातं. गोणी उशिरा आली तरी गोणीच असते, उन्हात पडली तरी गोणीच असते. जिवंत वस्तूचं तसं नसतं. बाकीच्या तक्रारी याच मुळातून फुटलेल्या आहेत, त्याही सांगून टाकतो.

एक. त्या प्रात्यक्षिकाच्या पिशवीत ट्रायकोडर्मासोबत कार्बेन्डाझिमचं पाकीटही होतं. कार्बेन्डाझिम बुरशीनाशक आहे, त्याला बरी बुरशी आणि वाईट बुरशी यांतला फरक कळत नाही. ट्रायकोडर्मा त्यात मरते. दोन्ही एकदम चोळू नका, हे पिशवीवर कुठंही मराठीत लिहिलेलं नव्हतं. घडीपत्रक होतं, ते इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. शेजारच्या म्हाताऱ्यानं दोन्ही पुड्या एकाच घमेल्यात कालवून हरभऱ्याला चोळल्या आणि वर गुळाचं पाणी शिंपडलं. त्याचं काय चुकलं? दोन औषधं एका पिशवीत दिली की माणूस ती एकत्रच वापरणार.

दोन. लिंकिंग. हा शब्द आपल्याला ठाऊक नाही असं म्हणू नका. 1350 रुपयांची डीएपीची पिशवी हवी असेल तर सोबत काहीतरी घ्यावंच लागतं, आणि त्या 'काहीतरी'त हल्ली जैविक पाकिटं फार असतात. लोक दुकानाच्या पायरीवरच ती फेकतात. माझ्या डोळ्यांसमोर एकानं मायकोरायझाचा डबा उकिरड्यावर टाकला. वाईट याचं वाटलं की मायकोरायझा आमच्या जमिनीला खरंच कामाची आहे. ही बुरशी मुळात शिरते आणि मुळाचे हात लांब करावेत तशी मातीत पसरून स्फुरद (फॉस्फरस) ओढून आणते. आमच्या काळ्या, चुनखडीच्या रानात स्फुरद घातला तरी बांधला जातो, पिकाला पुरता मिळत नाही. आणि गंमत बघा, स्फुरदाचा मारा जास्त झाला की ही बुरशी मुळाशी नीट जुळत नाही. म्हणजे डीएपीच्या पिशवीला बांधून जी वस्तू गळ्यात मारतात, ती त्याच पिशवीनं अर्धी निकामी होते.

तीन. ही गोष्ट थोडी लांब आहे, पण ऐका. ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली की सोयाबीनच्या शेंड्याच्या पानांवर मेलेल्या अळ्या दिसतात. तंबाखूची पानं खाणारी अळी आणि उंटअळी, दोन्ही. पानाला घट्ट धरून, ताठ, खडूसारख्या पांढऱ्या. दोन दिवसांनी त्यावर फिकट हिरवी भुकटी येते. आमची म्हातारी माणसं म्हणायची, "अळीला बुरा लागला, आता फवारू नका." हा बुरा म्हणजे नोमुरिया रिलेई नावाची बुरशी. शास्त्रज्ञ हल्ली तिला मेटारायझियमच्या कुळात धरतात. तिचा बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतो, कातडीला भोक पाडून आत शिरतो, आत वाढतो, आणि अळी सुकून जाते. मग त्या एका मढ्यावरून उडालेली भुकटी शेजारच्या अळ्यांना लागते. आपण कुणी विकत न घेता, कुणी अनुदान न देता रानात हे होतं. मराठवाड्यात दमट वर्षी हमखास होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात काय होतं? मोबाइलवर फवारणीचा सल्ला येतो. दुकानदार कीटकनाशक आणि बुरशीनाशक एकाच पंपात घालायला सांगतो, वर टॉनिक. ते बुरशीनाशक पानावरच्या करप्याबरोबर अळीवरचा बुराही धुऊन काढतं. पुढं पाऊस उघडला की उरलेल्या अळ्या मोकळ्या. मग दुसरी फवारणी. मी स्वतः हे सहा-सात वर्षं केलं आहे, म्हणून दुसऱ्याला बोल लावत नाही. पण फवारणीच्या सल्ल्यात एक ओळ का नसते: आधी रानात जाऊन बघा, पांढऱ्या अळ्या दिसत असतील तर चार दिवस थांबा? या एका ओळीला खर्च काय येतो?

करडईबद्दल जास्त लिहीत नाही, कारण लिहायला बसलो की राग येतो. मर रोगानं आमच्याकडची करडई खाल्ली. बाकीची मजुरीनं आणि काट्यांनी खाल्ली. मर रोगाची बुरशी बियाण्यातून येते आणि मातीत ठाण मांडते. हैदराबादला तेलबियांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, करडईच्या संशोधनाचं केंद्र सोलापूरला आहे, ट्रायकोडर्मा किलोला दहा ग्रॅम चोळायची शिफारस जुनीच आहे. पण मी ऑक्टोबरमध्ये दुकानात करडईसाठी ट्रायकोडर्मा मागितली तेव्हा दुकानदार म्हणाला, "करडई? अजून लावता?" आणि खरिपातलं उरलेलं पाकीट काढून दिलं.

आता आपण म्हणाल, शेतकऱ्यानं घरीच करावी. बुरशी वाढवायला ज्वारी लागते, आणि ज्वारी आमच्याकडे आहे. शिजवलेल्या, निर्जंतुक केलेल्या ज्वारीवर ट्रायकोडर्मा छान हिरवी उतरते, हे मी कृषी विज्ञान केंद्रात पाहिलं आहे. बचतगटाच्या बायका हे काम आमच्यापेक्षा नीट करतील यात शंका नाही. पण 'घरीच करा' म्हणणं सोपं आहे. शुद्ध मूळ बुरशी कुठून आणायची? निर्जंतुक करायचं भांडं कुणी द्यायचं? तयार झालेला माल तपासायचा कुणी? तपासणी नसेल तर ज्वारीवर ट्रायकोडर्माऐवजी भलतीच बुरशी उतरते आणि आपण रोगच शेतात नेऊन टाकतो. भाचीच्या बशीतल्या त्या अकरा काळ्या वसाहती मी विसरलेलो नाही.

मागण्या साध्या आहेत. बहुतेकांना नवा कायदा लागत नाही. ट्रायकोडर्मा आणि मेटारायझियम 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात, मायकोरायझा खत नियंत्रण आदेशाखाली. नमुने घ्यायचा अधिकार आपल्या निरीक्षकांकडे आजही आहे.

प्रात्यक्षिकाची बियाण्याला चोळायची बुरशी मृगाच्या आधी, म्हणजे 7 जूनच्या आत, आणि शेणखतात मुरवायची मेच्या मध्याला हातात द्या. तोवर देता आली नाही तर देऊच नका, आणि कागदावर 'दिली नाही' असंच लिहा. रब्बीच्या करडई-जवसासाठी सप्टेंबर संपायच्या आत ताजा माल द्या, खरिपाचा उरलेला नको.

तपासणी कारखान्याच्या दारात नको, वाटपाच्या ठिकाणी हवी. गोदामात पोचलेल्या प्रत्येक बॅचमधलं पाकीट उचला, जिवंत बीजाणू मोजा, आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. वीस लाखांच्या खाली असेल तर ती बॅच परत जाऊ द्या. बियाण्याच्या पिशवीचा माग काढायला 'साथी' आहे. तसाच माग या पाकिटाचाही काढता यावा. कुठं बनलं, कधी निघालं, कुठल्या गोदामात किती दिवस पडलं, हे मोबाइलवर मला दिसलं पाहिजे.

साठवणीसाठी तालुक्याला एक थंड खोली द्या. कोट्यवधींचं शीतगृह मागत नाही. जाड भिंतीची, कौलारू, मेमध्ये तीस अंशांच्या आसपास राहील अशी एक खोली, आणि तिच्यात कीटकनाशकाचं एकही खोकं नको.

रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एका पिशवीत देणं आजपासून बंद करा. काय कशासोबत चालतं आणि काय नाही, ते पाकिटावरच मोठ्या मराठी अक्षरांत छापा. बियाणं आधीच बुरशीनाशक चोळून रंगवलेलं असेल तर त्यावर ट्रायकोडर्मा चोळायला सांगू नका. ती शेणखतात मुरवून मातीत द्यायला सांगा. मी करतो ते असं: एकराला दोन किलो ट्रायकोडर्मा, चांगलं कुजलेलं क्विंटलभर शेणखत, सावलीत ढीग, वर ओलं गोणपाट, दोन-चार दिवसांनी हलवणं, पंधरवड्यात ढिगावर हिरवी छटा येते, मग वापशावर शेवटच्या पाळीआधी फेकायचं. त्यासाठी पाकीट मेच्या मध्याला लागतं, म्हणून तारखेवर इतका अडून बसलोय.

लिंकिंग करणाऱ्या दुकानाचा परवाना निलंबित करा, आणि तक्रार करणाऱ्याचं नाव त्याच दुकानात पोचणार नाही एवढं बघा.

फवारणीच्या सल्ल्यात बुरा लागलेल्या अळीचा फोटो टाका. फोटो नसेल तर मी पाठवतो.

2024-25 साठी सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये होता. मी 4100 नं घातलं, कारण घरात लग्न होतं आणि केंद्रावर ओलाव्याचं यंत्र माझ्या मालाला पास करत नव्हतं. पुढं ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्क्यांवर नेली, तोवर माझा माल आडतीवरून निघून गेला होता. भावाचं गाऱ्हाणं या पत्राचा विषय नाही. एवढंच म्हणायचंय की क्विंटलमागं जिथं आठशे रुपये असे जातात, तिथं सखल अर्ध्या एकरातली रोपं वाचणं माझ्यासाठी लहान गोष्ट राहत नाही.

दुसरं पाकीट मी फोडलेलं नाही. देवघराच्या खालच्या कोनाड्यात, घरातल्या सगळ्यात थंड जागी ठेवलं आहे. बॅच नंबर आणि तारीख स्वच्छ वाचता येते. तपासायला कुणाला पाठवणार असाल तर पाठवा. पाकीट देतो, आणि या वेळीही सही करतो.

आपला,
मांजरा काठचा एक सोयाबीन-करडईवाला